ध्वनियंत्रणेतील विजेची घरघर कशी कमी करावी

स्पीकरमधून येणारी घरघर घालवण्यासाठी महागडा पॉवर फिल्टर विकत घेण्यापूर्वी तिचा उगम शोधावा. अ‍ॅम्प्लिफायर बंद करून त्याला जोडलेल्या सर्व सिग्नल केबल काढाव्यात आणि तो पुन्हा सुरू करावा. घरघर थांबली, तर दोष बहुधा अ‍ॅम्प्लिफायरमध्ये नसून जोडणीत आहे. त्यानंतर एकेक उपकरण जोडत जावे, मात्र प्रत्येक वेळी केबल लावताना आवाज पूर्ण कमी ठेवावा.

५० किंवा ६० हर्ट्‌झचा सलग, जड गुंजारव बहुतेक वेळा अर्थिंगच्या वलयामुळे येतो. दोन उपकरणांना दोन वेगळ्या मार्गांनी अर्थिंग मिळते, त्या दोन बिंदूंमध्ये विद्युतदाबाचा किंचित फरक असतो आणि त्यामुळे वाहणारा प्रवाह सिग्नल केबलमधील तारेभोवतीच्या धातूच्या आवरणातून जाऊन ऐकू येतो. म्हणून सर्व उपकरणे एकाच एक्स्टेंशन बोर्डावर घ्यावीत. तेवढ्याने भागले नाही, तर सिग्नलच्या मार्गात आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर (तारांचा थेट संपर्क तोडून फक्त सिग्नल पुढे नेणारा घटक) बसवावा. अर्थिंगची पिन मात्र कधीही काढू नये: घरघर थांबेलही, पण बिघाड झाल्यास उपकरणाच्या धातूच्या पेटीत वीज उतरून जीव जाऊ शकतो.

चरचर किंवा शिट्टीसारखा आवाज असेल, तर डिमर (दिव्यांचा प्रकाश कमी-जास्त करणारे बटण) आणि चार्जर तपासावेत. लॅपटॉप बॅटरीवर चालवताच आवाज गेला, तर शोध तिथेच संपतो. वीज आणि सिग्नलच्या केबल एकत्र बांधू नयेत. ओलांडाव्याच लागल्या, तर काटकोनात ओलांडाव्यात.