संघटनेचे सभासद फिरकत नाहीत? या चुका टाळा

कुठल्याही व्यावसायिक संघटनेच्या वार्षिक सर्वसाधारण सभेची नोटीस काढून बघा. खाली एक ओळ ठरलेली असते : ‘गणपूर्तीअभावी सभा तहकूब झाल्यास ती अर्ध्या तासाने त्याच ठिकाणी घेण्यात येईल व त्या सभेस गणपूर्तीची अट राहणार नाही.’ गणपूर्ती म्हणजे सभेला लागणारी किमान हजेरी. उपविधीत, म्हणजे संघटनेच्या नियमांत, तशी सोय असते, त्यामुळे गैर काही नाही. पण सहाच्या सभेला मंडळी साडेसहालाच येतात. सचिव रिकाम्या खुर्च्यांकडे पाहून ‘तहकूब’ म्हणतात आणि मधल्या अर्ध्या तासात चहा होतो. लोक येणार नाहीत हे नोटीस काढतानाच धरून चाललेलं असतं, आणि ते सभासदांनाही बरोबर कळतं.

नागपुरात संघटनांना तोटा नाही. डॉक्टर, वकील, सीए, इंजिनिअर, आर्किटेक्ट, हिंगणा-बुटीबोरीचे कारखानदार, सगळ्यांच्या आहेत. मेट्रोच्या ॲक्वा लाइनवर तर ‘इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्स’ नावाचं स्टेशनच आहे. तरी कुठल्याही कार्यकारिणीत बसा, रडगाणं एकच ऐकू येतं : ‘सभासद उदासीन झालेत, तरुणांना तर काही घेणंदेणं नाही.’ मला हे निदान पटत नाही. ज्या इंजिनिअरला तुम्ही उदासीन म्हणता, तोच त्रिमूर्ती नगरात नाहीतर मनीष नगरात कॉलनीच्या गणपतीचं लायटिंग रात्री एकपर्यंत उभा राहून करून घेतो. तिथं कुणीतरी त्याला सरळ म्हटलेलं असतं, ‘भाऊ, लायटिंग तुझ्याकडे.’ संघटनेत त्याला असं कुणी म्हटलेलं नसतं.

‘इच्छुकांनी संपर्क साधावा’

सगळ्यात जास्त होणारी चूक ही, म्हणून हिच्यावर जरा थांबतो. ग्रुपवर निरोप पडतो : ‘सर्व सन्माननीय सभासदांना विनंती की, आगामी परिषदेसाठी स्वयंसेवकांची आवश्यकता आहे. इच्छुकांनी सचिवांशी संपर्क साधावा.’ खाली दोन अंगठे, एक हात जोडलेला आणि मग शांतता. सचिव म्हणतात, पाहा, कुणी पुढे येत नाही.

येणार कसं? सहाशे लोकांना केलेली विनंती ही कुणालाच केलेली नसते. वाचणाऱ्याला वाटतं, दुसरे आहेत. शिवाय काम काय, किती वेळाचं, कुठं, कधी संपणार, यातलं काहीच त्यात नाही. ‘स्वयंसेवक’ म्हणजे खुर्च्या लावायच्या की वक्त्याला एअरपोर्टवरून आणायचं? एकदा हो म्हटलं की वर्षभर सुटका नाही, हा अनुभव असल्यानं जाणकार माणूस आधीच मागे सरकतो.

आता हाच निरोप एका माणसाला असा पाठवून बघा : ‘नमस्कार मॅडम. शनिवारी १४ तारखेला नोंदणीच्या टेबलावर साडेपाच ते साडेसहा एक माणूस हवा आहे. यादीवर खूण करायची आणि बॅज द्यायचा, एवढंच. साडेसहानंतर तुम्ही मोकळ्या, पुढचं व्याख्यान बसून ऐकता येईल. जमेल का? नाही जमलं तर गुरुवारपर्यंत सांगा, मी दुसरं कुणी बघतो.’ काम, वेळ, शेवट आणि नकार द्यायची वाट, चारही गोष्टी आल्या. नकार देणं सोपं केलं की होकार वाढतात, असं मी बऱ्याच वर्षांपासून बघतो आहे.

पाठवण्यापेक्षा फोन करणं केव्हाही चांगलं. फोनवर मात्र आपल्याकडचं उत्तर नीट ऐकायला शिका. ‘पाहतो न भाऊ’ म्हणजे नाही. ‘किती वाजता यायचं?’ म्हणजे हो. पहिल्याला पुन्हा पुन्हा गाठून लाजवू नका. पुढच्या वेळी तो फोनच उचलणार नाही.

काम द्यायचं सोडून पद देणं

कुणी जरा उत्साह दाखवला की त्याला सहसचिव करायचं. लेटरहेडवर नाव, ग्रुपवर अभिनंदनाचा पाऊस, आणि सहा महिन्यांनी त्या सहसचिवाला विचारा, काय करता? त्यालाही माहीत नसतं. पदांची उतरंड जितकी लांब, तितकी कामं त्याच चार-पाच जणांच्या गळ्यात, हे गणित मी एकाही संघटनेत चुकलेलं पाहिलं नाही.

उलट करा. आधी कामं लिहून काढा, आणि तीही इतकी लहान की एका बैठकीत संपतील. एका व्याख्यानाचा दोन पानी गोषवारा. बुटीबोरीतल्या दहा सभासदांना फोन करून त्यांच्या अडचणींची यादी. नवीन नियमावर सभासदांचे पाच प्रश्न गोळा करून वक्त्याला आधी पाठवणं. विद्यार्थ्यांच्या एका कारखाना भेटीची परवानगी. पद पाहिजे असणारे या यादीकडे पाहून नाक मुरडतात. मुरडू द्या. काम करणारा कोण, हे यादीच दाखवून देते.

यातलंच आणखी एक दुखणं : जो एक काम चांगलं करतो, त्याच्याच माथी दुसरं, तिसरं आणि चौथं येतं. वर्षभरात तो दमतो, घरून बोलणी खातो आणि एक दिवस न सांगता यायचा बंद होतो. मग त्याच्यावरही उदासीनतेचा शिक्का. एका कार्यक्रमानंतर पुढच्या कार्यक्रमात त्या माणसाला नुसतं श्रोता म्हणून बसू द्यायचं, एवढा नियम पाळला तरी माणसं टिकतात.

नागपूरचं कॅलेंडर न बघता तारीख धरणं

डिसेंबरात विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन आलं की सिव्हिल लाइन्सचे रस्ते मोर्चांनी आणि बंदोबस्तानं अडतात. सरकारी खात्यातले इंजिनिअर, डॉक्टर त्या दिवसांत स्वतःच्या घरी वेळेवर पोहोचत नाहीत, ते तुमच्या परिसंवादाला काय येणार? सीएंच्या बाबतीत जुलैची रिटर्न्सची आणि सप्टेंबरची टॅक्स ऑडिटची मुदत जवळ आली की व्याख्यान ठेवूच नये. विषय जीएसटीचा असला तरी नाही. हायकोर्टाच्या सुट्टीत वकील बाहेरगावी. मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास असताना दुपारी तीनची सभा ठेवणाऱ्याला काय म्हणावं, तुम्हीच सांगा. पोळा, तान्हा पोळा, मारबत हे दिवस बाहेरून आलेल्या पदाधिकाऱ्यांना लक्षात येत नाहीत. इथल्या माणसाला विचारून घ्या. दसऱ्याच्या सुमारास दीक्षाभूमीच्या बाजूचे रस्ते गर्दीनं भरलेले असतात, तेव्हा त्या भागातला हॉलही नको.

जागेचंही तसंच. बुटीबोरीचा कारखाना सहाला सोडून वर्धा रोडच्या ट्रॅफिकमधून माणूस धंतोलीत येतो आणि पार्किंग शोधत तीन चकरा मारतो. दोनदा येतो, तिसऱ्यांदा नाही. दर तीन महिन्यांनी एक बैठक त्यांच्याकडे, एमआयडीसीतच घ्या. शहरातली घेणार असाल तर मेट्रो स्टेशनपासून पायी जाता येईल अशी जागा धरा. हिंगण्याकडून लोकमान्य नगरला बसलेला माणूस झाशी राणी चौकात विनासायास उतरतो.

सहाचा कार्यक्रम, सव्वासातला मुद्दा

दीपप्रज्वलन, स्वागतगीत, पुष्पगुच्छ, शाल-श्रीफळ, प्रास्ताविक, प्रमुख पाहुण्यांचा परिचय, मग परिचय करून देणाऱ्याचा परिचय. वक्ता माइकसमोर येतो तेव्हा लोक घड्याळ बघत असतात आणि अध्यक्षांची चिठ्ठी येते, ‘वीस मिनिटांत आटपा.’ सत्काराला माझा विरोध नाही; ज्यानं आयुष्य घातलं त्याचा सत्कार व्हावाच. पण तो व्याख्यानानंतर करा. ज्याला थांबायचं तो थांबेल. वेळेवर आलेल्या बारा जणांसमोर सहाला सुरू करा आणि उशिरा येणाऱ्यांची वाट बघू नका. दोन-तीन कार्यक्रम अवघड जातील. पाहुणा उशिरा येणारा असेल, तर सभासदांच्या प्रश्नोत्तरांनी सुरुवात करा.

तासांसाठी भरलेला हॉल पाहून खूश होणं

प्रॅक्टिस करणाऱ्या, साठीच्या आतल्या सीएला तीन वर्षांत १२० सीपीई तास, म्हणजे व्यवसायात असताना चालू ठेवायच्या शिक्षणाचे तास, भरावे लागतात. डॉक्टरांना महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलची नोंदणी दर पाच वर्षांनी नव्यानं करताना ३० क्रेडिट तास दाखवावे लागतात. त्यामुळे अशा कार्यक्रमांना गर्दी होते आणि अहवालात ‘उदंड प्रतिसाद’ असं छापून येतं. पण सही करून चहानंतर निघून जाणारा माणूस संघटनेत गुंतला असं समजू नका. तो नियम पाळतो आहे, आणि त्यात काही चूक नाही.

मोजायचंच असेल तर दुसरं मोजा. या वर्षी पहिल्यांदाच कुठलं तरी काम केलेले सभासद किती? कार्यकारिणीबाहेरच्या किती जणांनी प्रश्न विचारला? गेल्या वर्षी काम केलेल्यांपैकी या वर्षी किती परतले? हे तीन आकडे रजिस्टरच्या एका पानावर मावतात. पहिल्यांदा काढले की बहुतेक कार्यकारिणींचे चेहरे पडतात.

तीच गर्दी कामालाही येऊ शकते. हॉलमध्ये आयती माणसं बसलेली असताना शेवटी ‘सूचना असल्यास कळवा’ म्हणू नका. खुर्चीवर एक कागद ठेवा, त्यावर वर सांगितल्यासारखी पाच लहान कामं, समोर नाव लिहायला जागा. आणि ज्यांनी नाव लिहिलं त्यांना आठवड्याच्या आत फोन करा. ते राहिलं तर कागद न ठेवलेलाच बरा.

यादी आणि ग्रुप

आजीव सदस्यत्वाची फी एकदा घेतली की संघटना माणूस विसरते. त्याचा पत्ता पंधरा वर्षांपूर्वीचा, ई-मेल बंद पडलेला, काही नावं तर हयातच नसतात. मतदार यादी करायची वेळ आली की धावपळ होते. वर्षातून एकदा, निवडणूक नसताना, ही यादी फोन करून दुरुस्त करा. विद्यार्थी सभासदांना वाटून दिलं तर त्यांचीही ज्येष्ठांशी ओळख होते.

व्हॉट्सॲपवर दोन ग्रुप ठेवा. एकात फक्त ॲडमिन लिहील, आणि तिथं महत्त्वाच्या सूचनाच येतील. दुसऱ्यात गुड मॉर्निंग, राजकारण, संत्र्याच्या बर्फीचे फोटो, जे चालायचं ते चालू द्या. एकाच ग्रुपमध्ये सगळं असेल तर लोक तो म्यूट करतात, आणि सभेची नोटीस सुविचारांच्या खाली गाडली जाते.

नवीन माणसाला पुष्पगुच्छ धरायला लावणं

नवे सभासद, त्यातही तरुण मुली, यांना पहिल्याच कार्यक्रमात पुष्पगुच्छाचा ट्रे देऊन स्टेजच्या कडेला उभं करतात. अभियांत्रिकीची पदव्युत्तर पदवी घेऊन आलेल्या मुलीला हे काम का द्यावं? तिला वक्त्याच्या विषयावर तीन प्रश्न काढायला सांगा आणि प्रश्नोत्तरांचं संचालन तिच्याकडे द्या. नवा सभासद पहिल्या तीन महिन्यांत कुणाच्या ओळखीचा झाला नाही, तर वर्गणीच्या नूतनीकरणाला त्याचं नाव शोधू नका. प्रत्येकामागे एक जुना सभासद जोडून द्या; त्यानं दोनदा फोन करायचा आणि एकदा सोबत घेऊन यायचं, बस.

निवडणुकीनंतर अर्धी संघटना घरी बसवणं

नवी कार्यकारिणी येते तेव्हा जुनी फाइल देत नाही, बँकेच्या सह्या बदलायला दोन महिने जातात, ई-मेलचा पासवर्ड कुणाच्या तरी पुतण्याकडे असतो. संघटना सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेली असेल, तर महाराष्ट्र सार्वजनिक न्यास अधिनियम १९५० च्या कलम २२ प्रमाणे ९० दिवसांत बदल अर्ज, म्हणजे आपला चेंज रिपोर्ट, धर्मादाय कार्यालयात द्यावा लागतो. तो राहिला की पुढे साधं खातं चालवतानाही अडचण येते, आणि मग उत्साहानं आलेल्या नव्या लोकांचे पहिले सहा महिने कागदात जातात. हस्तांतराची यादी निवडणुकीआधीच तयार ठेवा.

पण त्याहून मोठं नुकसान हरलेल्या पॅनलचं होतं. पंधरा-वीस माणसं घरोघरी, दवाखान्यात, चेंबरमध्ये जाऊन मतं मागून आलेली असतात. सभासदांचे नंबर, तक्रारी, कोण कुणावर नाराज, सगळं त्यांना पाठ असतं. निकाल लागतो आणि ती सगळी पुढची निवडणूक येईपर्यंत घरी. त्यांच्यापैकी दोघा-तिघांना नव्या अध्यक्षांनी स्वतः फोन करून ठरावीक काम द्यावं. जाहीरनाम्यात त्यांनीच लिहिलेलं एखादं दिलं तर उत्तम. फोन आठ दिवसांच्या आत जावा. दोन महिन्यांनी गेला तर त्यांना त्यात डाव दिसतो.