पिंजऱ्यातल्या लांडग्याच्या मणक्याचं ऑपरेशन: सगळं एकाच भुलीत उरका

लांडगा, कोल्हा किंवा कोळसून यांची मणक्यांमधली सरकलेली चकती काढण्याची पद्धत पाळीव कुत्र्यासारखीच आहे. अडचण एवढीच, की हा प्राणी पुन्हा हाताला लागत नाही. तपासणी, इमेजिंग आणि ऑपरेशन एकाच भुलीत बसवा. वनविभागाची परवानगी त्याआधी हातात हवी. नाशिकच्या एप्रिल-मेमध्ये पहाटेच सुरुवात करा. पकडताना धडपडलेल्या प्राण्याचं तापमान झपाट्यानं चढतं, ते 40 अंशांपुढे जाऊ देऊ नका.

खोल वेदनेची जाणीव मात्र भुलीआधीच तपासा, नंतर ती कळत नाही. स्क्वीझ पिंजऱ्यात (भिंत सरकवून प्राण्याला आवळून धरणारा पिंजरा) मागच्या पायाचं बोट लांब आर्टरी फोरसेप्सनं, म्हणजे चिमट्यानं, हाडापर्यंत दाबा. पाय आखडणं हा नुसता रिफ्लेक्स. दाबल्या क्षणी मान वळली किंवा तो चावायला धावला तर जाणीव आहे. (गुरगुरण्यावर जाऊ नका, तो तुम्हाला पाहूनच गुरगुरत असतो.) पाळीव कुत्र्यांत जाणीव शाबूत असेल तर दहातले साधारण नऊ पुन्हा चालतात, गेलेली असेल तर जेमतेम निम्मे.

साध्या एक्स-रेत दाबलेला मज्जारज्जू दिसत नाही. एमआरआय किंवा सीटी नसेल तर मायलोग्राम करा, म्हणजे मज्जारज्जूभोवती आयोहेक्सॉल हे एक्स-रेत दिसणारं द्रव्य सोडून एक्स-रे काढा. जागा चुकणं ही नेहमीची फसगत. 13वी बरगडी चाचपा, मणक्याच्या काट्यात सुई रोवा आणि एक्स-रेवर खात्री करा.

सेफाझोलिन हे अँटिबायोटिक 22 मिग्रॅ प्रतिकिलो, चिरेआधी अर्धा तास आणि मग ऑपरेशन संपेपर्यंत दर 90 मिनिटांनी. स्नायू सोडवून रोंजरनं (हाड कुरतडणारी पक्कड) सांध्याचा उंचवटा काढा. बर (हाड घासणारं ड्रिलचं टोक) चालवताना हाड आधी पांढरं, मग लालसर, पुन्हा पांढरं दिसतं. दुसरं पांढरं दिसलं की हात हलका करा, उरलेला पापुद्रा केरिसननं (बारीक तोंडाचा हाड कापणारा चिमटा) उचला. सलाइनची धार सतत हवी, नाहीतर उष्णतेनं मज्जारज्जू भाजतो. चकतीचा गर मज्जारज्जू न ढकलता बाजूनंच काढा. शिरेतून रक्त उसळलं तर जिलेटिन स्पंज ठेवून थांबा, सक्शननं उकरू नका.

त्वचेवर टाका नको. विरघळणाऱ्या पॉलीडायॉक्सॅनोननं आतूनच शिवा. जखम चाटू नये म्हणून घालतात ती गळ्यातली कॉलर तो टिकू देणार नाही.

जागं करण्याआधी मूत्राशय रिकामं करा. नंतर ओली फरशी पाहून खूश होऊ नका. तुडुंब भरलेलं मूत्राशयही गळतं. लघवीची धार दिसली नाही तर दुसऱ्या दिवशी पुन्हा गुंगी देऊन कॅथेटर (लघवीची नळी) घाला, गुंगीची औषधं आधीच काढून ठेवा.

मेलॉक्सिकॅम हे वेदनाशामक 0.1 मिग्रॅ प्रतिकिलो दिवसातून एकदा खिम्यातून. आधी स्टेरॉइड दिलं असेल तर मेलॉक्सिकॅम नकोच, आतड्याला भोक पडू शकतं. चार ते सहा आठवडे छोटा पिंजरा, उडी मारायला ओटा नाही, खाली रबरी मॅट. कळपात सोडण्याआधी काही दिवस जाळीआड ठेवा. लंगडणाऱ्यावर बाकीचे तुटून पडतात.