जुनी स्पोर्टी गाडी घेताना इंजिन किती सीसीचे निवडावे?

जुनी काँटेसा, पहिल्या पिढीची होंडा सिटी किंवा फियाट पालिओ हौसेने घेऊ पाहणाऱ्या इंदूरकरासमोर एकाच मॉडेलची दोन-तीन इंजिने असतात आणि त्यांपैकी कोणते निवडावे हे गाडी पाहायला जाण्यापूर्वीच ठरवलेले बरे, कारण नवा रंग आणि चकचकीत बंपर पाहिल्यावर शांतपणे विचार होत नाही. माझे मत असे आहे की, गाडीचे वजन सहज ओढू शकेल असे लहानात लहान इंजिन निवडावे, मात्र ते निरोगी असावे आणि त्याचे सुटे भाग मिळत असावेत.

सर्वप्रथम गाडी कुठे चालणार आहे याचा विचार करावा. रामबागेतून राजवाड्यापर्यंतच्या गर्दीत मोठ्या इंजिनाचा काहीच उपयोग होत नाही. तिथे पेट्रोल अधिक जळते आणि उन्हाळ्यात पारा चाळिशीपार गेला की इंजिन तापण्याची काळजी लागते. मात्र रविवारी मांडूला जायचे असेल, किंवा निमाडातून परतताना विंध्याचा चढ चार माणसे बसवून चढायचा असेल, तर इंजिन कमी फेऱ्यांवर (आरपीएम) फिरत असताना मिळणारा टॉर्क, म्हणजे ओढण्याचा जोर, महत्त्वाचा ठरतो. वर्षभरात असे प्रवास किती होतील याचा प्रामाणिक अंदाज बांधावा.

दुसरी पायरी म्हणजे सीसीचा आकडा नीट समजून घेणे. सीसी म्हणजे सिलिंडरांमधली एकूण जागा; ताकद त्याखेरीज कार्ब्युरेटर (हवा आणि पेट्रोल मिसळणारा भाग), कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) आणि कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) यांवरही अवलंबून असते. अँबेसेडरमध्ये वर्षानुवर्षे चाललेले 1489 सीसीचे बीएमसी (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन) इंजिन पन्नासच्या आसपास अश्वशक्ती देत असे, आणि त्याच घराण्यातले, तेवढ्याच सीसीचे इंजिन 1955 साली आलेल्या एमजीए या ब्रिटिश स्पोर्ट्स कारमध्ये दोन कार्ब्युरेटरांसह सुमारे सत्तर अश्वशक्ती देई. मोठे इंजिन टिकाऊच असते असेही नाही. ट्रायम्फ स्पिटफायर या ब्रिटिश स्पोर्ट्स कारचे 1296 सीसीचे इंजिन 1493 सीसीपर्यंत वाढवताना बोअर (सिलिंडरचा व्यास) 73.7 मिलिमीटरच ठेवून स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली धाव) 76 वरून 87.5 मिलिमीटरवर नेला गेला, त्यामुळे वरच्या फेऱ्यांवर क्रँकच्या (पिस्टनच्या धावेने फिरणाऱ्या मुख्य दांड्याच्या) बेअरिंगांवर ताण वाढला. म्हणूनच अनेक जाणकार आजही लहान इंजिनाची स्पिटफायर पसंत करतात.

आता आपल्याकडच्या गाड्यांकडे वळावे. 1984 साली बाजारात आलेल्या काँटेसाला सुरुवातीला अँबेसेडरचेच 1489 सीसीचे इंजिन होते आणि त्या जड, रुंद गाडीला ते स्पष्टपणे अपुरे पडत असे. पुढे आलेल्या इसुझूच्या 1817 सीसी इंजिनाने 88 अश्वशक्ती आणि पाच गिअर दिले, आणि काँटेसाला तिच्या रूपाला शोभेल अशी चाल मिळाली. मागच्या चाकांना ताकद देणारी ही गाडी महामार्गावर पाचव्या गिअरमध्ये संथपणे धावते तेव्हा तिचे खरे सुख कळते. त्यामुळे काँटेसा घ्यायची असल्यास 1.8 लिटर (1817 सीसी) पेट्रोलच घ्यावी. 2 लिटरचे इसुझू डिझेल काटकसरीचे आहे, पण स्पोर्टी चालीसाठी ते योग्य नाही.

होंडा सिटीच्या बाबतीत उत्तर वेगळे आहे. तिचे 1343 सीसीचे लहान इंजिनही चपळ आहे. 106 अश्वशक्तीचे 1.5 व्हीटेक (फेऱ्यांनुसार व्हॉल्व्हची उघडझाप बदलणारे होंडाचे इंजिन) वरच्या फेऱ्यांवर जास्त खुलते, त्यामुळे मोकळा रस्ता नियमित मिळणार असेल तरच त्यासाठी जादा पैसे मोजावेत. पालिओचे 1.6 इंजिन 100 अश्वशक्तीचे आणि चालवायला आनंददायक आहे, पण पेट्रोल भरपूर पिते. रोजच्या वापरासाठी 1.2 अधिक सोयीची.

खर्चाचा हिशेब करताना विम्याचे टप्पे विसरू नयेत. खासगी गाडीच्या थर्ड पार्टी विम्याचे दर 1000 सीसीपर्यंत, 1000 ते 1500 आणि 1500 च्या वर असे ठरतात, आणि 2022 च्या दरपत्रकात ते अनुक्रमे 2,094, 3,416 आणि 7,897 रुपये होते. म्हणजे 1.5 सिटी मधल्या टप्प्यात बसते, तर 1.6 पालिओ आणि 1.8 काँटेसा वरच्या टप्प्यात जातात. वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलमुळे जुन्या गाडीचे रबरी पाइप आणि पेट्रोल पंपाचा पडदा खराब होऊ शकतो. ते बदलण्याची तरतूद इंजिन कोणतेही असले तरी ठेवावी.

प्रत्यक्ष गाडी पाहताना इंजिन थंड असतानाच सुरू करून घ्यावे. निळसर धूर म्हणजे ऑइल जळते आहे, आणि गरम झाल्यावरही पांढरा धूर येत राहिला तर हेड गॅस्केट (इंजिनाचे डोके आणि सिलिंडर यांमधली सीलपट्टी) गेल्याची शंका घ्यावी. त्यानंतर मिस्त्रीकडून कॉम्प्रेशन टेस्ट, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमधल्या दाबाची मोजणी, करून घ्यावी: इंजिन गरम, सगळे प्लग काढलेले आणि अॅक्सिलरेटर पूर्ण दाबलेला. सिलिंडरांच्या आकड्यांत साधारण दहा टक्क्यांहून जास्त फरक असेल, तर कमी दाबाच्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजावे. आकडा वाढला तर पिस्टन रिंगा किंवा बोअर झिजले आहेत, न वाढल्यास दोष बहुधा व्हॉल्व्हमध्ये आहे. थकलेल्या 1.8 पेक्षा निरोगी 1.3 केव्हाही अधिक आनंद देते, आणि बोअरिंगसह (झिजलेले सिलिंडर कोरून मोठे करण्यासह) पूर्ण इंजिन उघडण्याचा खर्च अनेकदा दोन गाड्यांच्या किमतीतल्या फरकाहून जास्त होतो.

बयाणा देण्यापूर्वी ज्याच्याकडे गाडी सोपवणार त्या मिस्त्रीला गॅस्केट सेट, ओव्हरसाइज पिस्टन (बोअरिंगनंतर लागणारे मोठे पिस्टन) आणि क्लच प्लेट मिळतात का, हे विचारून घ्यावे. लहान इंजिनाची गाडी स्वस्तात घेऊन पुढे मोठे इंजिन बसवू, असा बेत करू नये, कारण असा बदल मोटार वाहन कायद्याच्या, गाडीतल्या फेरफारांविषयीच्या, कलम 52 खाली येतो, आणि आरसीवर त्याची नोंद नसेल तर विम्याचा दावा अडतो. म्हणून इंजिनावर कोरलेला नंबर आणि चासी नंबर स्वतः वाचून आरसीशी ताडून पाहावेत, आणि आरसीवर लिहिलेली सीसी प्रत्यक्ष बसवलेल्या इंजिनाशी जुळत नसल्यास तो व्यवहार सोडून द्यावा.