वाईट दिवसांत बायबल उघडायचं तर सुरुवात कुठून करायची

नोकरी गेलीय, घरात आजारपण आहे, आणि लोक सांगतात "प्रभूमध्ये आनंद करा", पण हे लिहिणारा पौल (येशूचा प्रेषित) तेव्हा स्वतः कैदेत होता ते कुणी बोलत नाही, म्हणून ते वाक्य ज्यात आहे ते त्याचं फिलिप्पैकरांस पत्र (बायबलच्या नव्या करारातलं) एका बैठकीत पूर्ण वाचा, ४ च तर अध्याय आहेत. मन फारच जड असेल तर मात्र आधी बायबलमधल्या स्तोत्रसंहितेतलं स्तोत्र १३ काढा. सुरुवातच तक्रारीने, देवा अजून किती वेळ, आणि शेवटी गाणं. मोठ्याने वाचा, आपलीही तक्रार त्यात घाला, चालतं. (स्तोत्र ८८ तर अंधारातच संपतं, त्यामुळे उगाच हसरा चेहरा करायची गरज नाही.)

मग हबक्कूक संदेष्ट्याचं पुस्तक, ३:१७-१८ (अध्याय ३, वचनं १७-१८). अंजीर नाही, द्राक्षं नाहीत, गोठ्यात गुरं नाहीत, तरी मी आनंद करीन म्हणतो तो. तसंच आपलं वहीत लिहायचं, पगार नाही, झोप नाही, जे असेल ते, खाली "तरी" लिहून थांबायचं, पुढचं सुचेल तेव्हा. आठवडाभर तेच वचन पुरतं, रोज नवीन शोधू नका.

जेवणखाण, झोप सुटली असेल तर पाळकांसोबत डॉक्टरांनाही भेटा, बायबलमधल्या खचलेल्या एलीया संदेष्ट्याला पण देवदूताने आधी भाकर आणि पाणीच दिलं होतं.