कमी पैशात पहिला ट्रम्पेट घेताना

बजेट तंग असेल तर नागपूरच्या बर्डी बाजारात चकचकीत पण अगदीच स्वस्त नवा ट्रम्पेट उचलू नका. लग्नाच्या बॅण्डमधल्या एखाद्या जाणत्या वादकाला सोबत घ्या आणि चांगला जुना बी-फ्लॅट (नेहमीच्या सुराचा) ट्रम्पेट शोधा. लॅकर (वरचा चकाकीचा थर) उडालेला, बारीकसा पोचा आलेला चालतो. खरी परीक्षा तीन व्हॉल्व्हची, म्हणजे बोटांनी दाबायच्या कळींची. एकेक व्हॉल्व्ह न दाबता त्याची स्लाइड (सरकणारी नळी) झटकन ओढा: ‘पॉक’ असा आवाज आला तर व्हॉल्व्ह घट्ट आहे. गुपचूप निघून आली तर हवा गळते, आणि ती दुरुस्ती वाद्यापेक्षा महाग पडू शकते. स्लाइड जाम असतील तरी सोडा. थोडे पैसे व्हॉल्व्ह ऑइल आणि ७ सी मापाच्या माऊथपीससाठी (ओठांना लावायच्या भागासाठी) नक्की राखा. नवशिक्याच्या ओठांना तो सहसा मानवतो.