स्कूल सायकॉलॉजी पीएचडीचा अर्ज: एसओपी (स्टेटमेंट ऑफ पर्पज, अर्जासोबतचा निबंध) लिहायच्या आधी हे बघा
अमेरिकेत स्कूल सायकॉलॉजीच्या पीएचडीला अर्ज करताय ना, मग आधी प्रोग्राम एपीए अक्रेडिटेड (म्हणजे अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनची मान्यता असलेला) आहे का ते बघा, नंतर सायकॉलॉजिस्टचं लायसन्स काढताना यावाचून बरंच अडतं. आणि फक्त शाळेतच काम करायचं असेल तर ईडीएस (एज्युकेशन स्पेशालिस्ट) डिग्रीसुद्धा चालते, ती साधारण 3 वर्षांची, पीएचडीला 5-6 जातात, उगाच डॉक्टर लावायच्या हौसेपायी उडी मारू नका.

खरी मेख एसओपीत आहे. "मला लहान मुलं खूप आवडतात" असली सुरुवात वाचून कमिटीला कंटाळा आलेला असतो, त्यापेक्षा तिसरीतला एखादा पोरगा वाचायची वेळ आली की रोज पोट दुखतं म्हणायचा, तुम्ही तेव्हा काय केलंत आणि त्यातून रिसर्चचा कुठला प्रश्न डोक्यात आला ते लिहा (नाव अर्थातच नको). मग तोच प्रश्न तिथल्या ज्या प्रोफेसरच्या कामाशी जुळतो त्यांचे अलीकडचे 2-3 पेपर खरंच वाचा आणि यंदा नवीन विद्यार्थी घेताय का असा चार ओळींचा मेल सप्टेंबरातच टाका, कारण बऱ्याच डेडलाइन डिसेंबरच्या सुरुवातीलाच असतात आणि शिफारसपत्रं देणारे सर-मॅडम शेवटच्या आठवड्यात फोन उचलत नाहीत 😅