बाळाचं नाव रेशनकार्डावर चढवताना

प्राधान्य कुटुंबाच्या कार्डावर धान्य माणशी मिळतं. एका नावाला महिन्याला 5 किलो, मग ते नाव दोन महिन्यांच्या बाळाचं असो की सत्तरीच्या आजीचं. म्हणजे बाळाचं नाव वर्षभर चढवायचं राहिलं, तर घरातलं 60 किलो धान्य गेलं. अंत्योदय कार्डाला मात्र माणसं कितीही असली तरी कार्डामागे 35 किलो. जानेवारी 2023 पासून दोन्ही कार्डांवरचे गहू-तांदूळ मोफत आहेत, तेव्हा किलोमागे दोन-तीन रुपये मागितले तरी द्यायचे नाहीत.

नाव वाढवायला नमुना 8 चा अर्ज लागतो. सोबत मूळ कार्ड, बाळाचा जन्मदाखला आणि आधार. दाखल्यावर बाळाचं नाव नसेल तर आधी ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत ते घालून घ्या, नाहीतर पुढची सगळी कागदपत्रं अडतात. पाच वर्षांखालच्या मुलाच्या आधारला बोटांचे ठसे लागत नाहीत. अर्ज तहसीलच्या पुरवठा शाखेत जातो, मुंबईत शिधावाटप कार्यालयात.

खूपदा अडतं ते बाळामुळे नाही, आईमुळे. सुनेचं नाव माहेरच्या कार्डावर तसंच असतं आणि एक आधार दोन कार्डांना चालत नाही. आधी माहेरी नमुना 9 भरून नाव कमी करा, तसा दाखला घ्या, मग सासरच्या कार्डावर आई आणि बाळ दोघांची नावं एकदमच टाका.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या. कार्डावर पेनाने नाव लिहिलं म्हणजे धान्य सुरू झालं असं नाही. ते नाव ऑनलाइन, धान्याच्या लाभार्थ्यांत यावं लागतं आणि त्याला इष्टांकात, म्हणजे लाभार्थ्यांच्या ठरवून दिलेल्या कमाल संख्येत, जागा लागते. राज्याचा इष्टांक सुमारे 7 कोटी लोकांचा आहे आणि तो तालुक्यांना वाटून दिलेला आहे. जागा भरलेली असेल तर नवं नाव थांबतं. म्हणून अर्जात वार्षिक उत्पन्न स्पष्ट लिहा (प्राधान्य कुटुंबासाठी मर्यादा ग्रामीण भागात 44,000, शहरात 59,000 रुपये) आणि तारीख-शिक्क्याची पोहोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. महिन्याभराने रेशनकार्डाचा 12 अंकी आरसी नंबर सांगून विचारा: ‘आमच्या कार्डावर लाभार्थी किती दिसतात?’ आकडा वाढला नसेल तर गावच्या दक्षता समितीकडे जा. मयत झालेल्यांची, लग्न होऊन गेलेल्यांची नावं कमी झाली की जागा निघते, आणि ती यादी तपासायला लावणं हा तुमचा हक्क आहे.

ई-केवायसी, म्हणजे आधारवरून ओळखीची पडताळणी, घरातल्या पाच वर्षांवरच्या प्रत्येकाची करा. वीटभट्टीवर, शेतात राबणाऱ्यांचे ठसे झिजतात आणि मशीन अंगठा घेत नाही. हात धुऊन कोरडे करा, दुसरी बोटं लावून बघा. तरीही नाही झालं तर ‘मेरा ई-केवायसी’ अॅपवर चेहऱ्याने होतं. मूल पाच वर्षांचं झालं की आधार केंद्रावर त्याचे ठसे द्या, त्याशिवाय दुकानातलं मशीन त्याला ओळखणार नाही.

दुकानात अंगठा दिला की नोंदीत धान्य तुम्ही उचललं. म्हणून ‘अंगठा आज द्या, माल परवा न्या’ हे कधीच ऐकायचं नाही. रिकामी पिशवी वजनकाट्यावर ठेवून आकडा शून्यावर आणायला सांगा, मग धान्य ओतू द्या. प्राधान्य कार्डावर चार नावं असतील तर गहू-तांदूळ मिळून 20 किलो झाले पाहिजेत. पावती घ्या, तिच्यावरचे किलो आणि पिशवीतले किलो तिथेच जुळवा.

अंगणवाडीचा आहार वेगळा. तिथे कार्डाचा रंग कोणी विचारत नाही. सहा महिने ते तीन वर्षांच्या मुलाला घरी न्यायच्या आहाराचं पाकीट (टीएचआर) मिळतं, गरोदर आणि स्तनदा मातेलाही. तीन ते सहा वर्षांच्या मुलांना अंगणवाडीतच गरम ताजा आहार. अतितीव्र कुपोषित मुलाचा वाटा इतर मुलांपेक्षा जास्त असतो. टीएचआर देताना अंगणवाडीच्या ‘पोषण ट्रॅकर’ अॅपवर चेहरा पडताळतात, तेव्हा आईचा चालू मोबाईल नंबरच नोंदवा. पाकीट मात्र सगळ्या घरासाठी एका पातेल्यात शिजवू नका, बाळाच्या वाट्याला दोन घासही उरत नाहीत.

दंडाचा घेर मापायला सेविकेला सांगा. डावा हात सैल सोडलेला, खांदा आणि कोपराच्या मधोमध पट्टी, घट्टही नाही आणि ढिलीही नाही. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलात 11.5 सेंटिमीटरच्या खाली म्हणजे अतितीव्र कुपोषण, 11.5 ते 12.5 च्या मधे मध्यम. दोन्ही पावलांवर बोट दाबून खळगा राहत असेल, किंवा मूल खायला तोंडच उघडत नसेल, तर घेर कितीही भरो, त्याच दिवशी दवाखाना गाठा. पोषण पुनर्वसन केंद्रात आईला मुलाजवळ राहता येतं.

ऊसतोडीला जाताना कार्ड आणि आधार सोबत ठेवा. जिथे तोड आहे तिथल्या दुकानातही अंगठ्यावर धान्य मिळतं, आणि थोडं तिथे उचललं तर उरलेलं गावी थांबलेल्यांना घेता येतं. जाण्याआधी सेविकेला सांगितलं तर बाळाची नोंद तिकडच्या अंगणवाडीत हलवता येते. दुकानदाराने नकार दिला तर 1967 किंवा 1800-22-4950 वर फोन करा. आरसी नंबर, दुकानाचा नंबर आणि तारीख हाताशी ठेवा, आणि तक्रारीचा नंबर लिहून घेतल्याशिवाय फोन ठेवू नका.